बेरोजगारीचा दर ३.२ टक्के की ५.१ टक्के? घरोघरी जाऊन नेमकं मोजतात काय?

तुमचा प्रश्न असा आहे: देशातला बेरोजगारीचा दर २०१७-१८ मध्ये सहा टक्के होता, २०२३-२४ मध्ये ३.२ टक्क्यांवर आला आणि एप्रिल २०२५ साठी एकदम ५.१ टक्के जाहीर झाला. यातला खरा कोणता? आणि आमच्या घरी तर कधीच कुणी विचारायला आलं नाही, मग हे आकडे येतात कुठून?

तिन्ही खरे आहेत, पण ती एकाच प्रश्नाची उत्तरं नाहीत. हे आकडे येतात ते केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणातून, म्हणजे पीएलएफएसमधून. मी काही काळ त्यासाठी घरोघरी फिरलो आहे. त्यामुळे थोडं लांबलं तरी नीट सांगतो.

तुमच्या घरी कुणी आलं नाही यात नवल नाही. २०१७ पासून २०२४ पर्यंत हे सर्वेक्षण वर्षाला साधारण एक लाख कुटुंबांपर्यंत पोहोचत होतं, आणि देशात कुटुंबं आहेत पंचवीस कोटींच्या वर. शितावरून भाताची परीक्षा करता येते, पण भात सगळीकडे सारखा शिजलेला असेल तरच. देश तसा नाही. म्हणून आधी राज्य, मग ग्रामीण-शहरी असे थर पाडतात, त्यातून गावं आणि शहरातले छोटे भाग चिठ्ठी काढल्यासारखे निवडतात आणि शेवटी तिथली मोजकी घरं. घर एकदा निवडलं गेलं की सर्वेक्षकाला ते मनाने बदलता येत नाही. शेजारचं कुटुंब कितीही बोलकं असलं तरी चालत नाही.

आता मुख्य गोष्ट. ‘तुम्ही बेरोजगार आहात का?’ हा प्रश्न आम्ही कधीच विचारत नाही. विचारतो ते हे की गेल्या सात दिवसांत रोज काय केलंत, आणि गेल्या ३६५ दिवसांत बहुतेक वेळ काय करत होतात. उत्तरावरून प्रत्येकाला एक सांकेतिक क्रमांक मिळतो. स्वतःचा धंदा करणारा ११, घरच्या धंद्यात बिनपगारी हात लावणारा २१, नियमित पगारदार ३१, काम शोधणारा किंवा मिळालं तर करायला तयार असलेला ८१, फक्त घरकाम करणारी व्यक्ती ९२. बेरोजगारीच्या दरात अंशस्थानी मोजला जातो तो ८१. छेदात काम करणारे आणि ८१ वाले, म्हणजे एकूण श्रमशक्ती. विद्यार्थी, पेन्शनर, फक्त घरकाम करणाऱ्या बायका या हिशेबात कुठेच नसतात. काम शोधून थकलेल्या माणसाने ‘आता नको’ म्हटलं की तोही या हिशेबातून बाहेर पडतो, आणि त्याला काम न मिळताही दर घटतो.

आठवड्याच्या हिशेबात सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलं तरी तो माणूस रोजगारात धरला जातो. हे ऐकून लोक चिडतात. पण एका तासाची ही मर्यादा आपल्याकडे कुणी सोयीसाठी शोधलेली नाही. १९८२ साली श्रम-सांख्यिकीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मान्य केलेल्या व्याख्येतच ती आहे. उद्देश एवढाच की देशात जे काही काम झालं त्यातलं काहीही हिशेबाबाहेर राहू नये. अडचण तेव्हा होते जेव्हा आपण ‘रोजगारात’ या शब्दाचा अर्थ ‘पोटापुरती कमाई असलेला’ असा घेतो. तो अर्थ त्या आकड्यात नसतोच.

वर्षाचा हिशेब आणखी सैल आहे. समजा एक तरुण वर्षातले आठ-नऊ महिने काम शोधत होता, पण कापणीच्या दिवसांत त्याने चाळीस दिवस मजुरी केली. ‘नेहमीची स्थिती’ मोजताना मुख्य काम आणि दुय्यम काम दोन्ही जमेस धरतात, आणि दुय्यम कामाला तीस दिवस पुरतात. म्हणजे हा तरुण वर्षाच्या हिशेबात रोजगारात. तुम्ही म्हणता तो ३.२ टक्के दर या पद्धतीचा. त्याच २०२३-२४ वर्षी, त्याच कुटुंबांकडून, आठवड्याच्या पद्धतीने दर आला ४.९ टक्के. एप्रिल २०२५ चा ५.१ हाही आठवड्याच्या पद्धतीचा आहे. त्याच्या शेजारी ठेवायचाच तर ४.९ ठेवा, ३.२ नव्हे. आणि तेही जपून, कारण एक आहे पूर्ण वर्षाचा आकडा आणि दुसरा एकाच महिन्याचा. शेतीवर एवढे लोक असलेल्या देशात प्रत्येक महिन्याचं काम वेगळं असतं.

फरक याहून मोठाही असू शकतो. पीएलएफएसच्या आधी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या फेऱ्या होत. त्यातल्या २०११-१२ च्या फेरीत वर्षाच्या पद्धतीने दर होता २.२ टक्के, अर्ध्या-अर्ध्या दिवसाचा हिशेब मांडणाऱ्या पद्धतीने तोच ५.६ टक्के. माणसं तीच, साल तेच. १९७० मध्ये बेरोजगारी मोजायच्या पद्धती तपासणाऱ्या दांतवाला समितीने हेच बजावलं होतं: जिथे बहुतेक लोक स्वतःच्या शेतीत किंवा घरच्या धंद्यात राबतात, तिथे बेरोजगारीचा एकच एक आकडा देऊन चालणार नाही. १९७२-७३ च्या सत्ताविसाव्या फेरीपासून आपल्याकडे या वेगवेगळ्या पद्धती शेजारीशेजारी चालत आल्या त्या त्यामुळे. मला तो अहवाल आजही फार शहाणपणाचा वाटतो. वर्तमानपत्रं त्यातला एकच आकडा उचलतात, त्याला समिती काय करणार?

(२०१७-१८ साठी तुम्ही ६.१ असंही वाचलं असेल. तो सर्व वयांचा आहे. पंधरा वर्षांवरच्यांचा ६.०.)

काळाच्या ओघातली तुलना हा सगळ्यात नाजूक भाग. १९७२-७३ पासून २०११-१२ पर्यंत मोठी फेरी साधारण पाच वर्षांनी होत असे. मग खंड पडला आणि एप्रिल २०१७ पासून दरवर्षीचं सर्वेक्षण सुरू झालं. व्याख्या त्याच राहिल्या, पण घरं निवडायची रीत बदलली. आधी गावातली घरं सुस्थिती आणि उत्पन्नाचं साधन पाहून गटात विभागत. नव्या सर्वेक्षणात घरात दहावी किंवा पुढे शिकलेली माणसं किती, यावरून. शिकलेल्यांमध्ये बेरोजगारी जास्त दिसते. प्रत्येक गटाला योग्य भार देऊन अंदाज काढतात हे खरं, तरी २.२ वरून ६.१ ही उडी किती खरी आणि किती मोजमापातली, यावर अर्थतज्ज्ञांत वाद झाला तो उगीच नव्हे. जानेवारी २०२५ पासून रचना पुन्हा बदलली: नमुना मोठा झाला, आकडे दर महिन्याला येऊ लागले, आणि निवडलेल्या घरी, गावातही, लागोपाठ चार महिने जातात. पूर्वी ही पुन्हा भेट फक्त शहरांत होती आणि ती तिमाहीने.

त्याच घरी परत का जायचं? दर वेळी सगळी घरं नवी घेतली, तर आकड्यातला बदल लोकांच्या कामातला की घरांच्या निवडीतला, हे कळत नाही. बहुतेक घरं तीच ठेवली की हा गोंधळ बराच कमी होतो. पण त्याचीही किंमत आहे. तिसऱ्या-चौथ्या वेळी दार उघडणारा माणूस कंटाळलेला असतो आणि ‘तेच लिहा’ म्हणतो. अमेरिकेत १९४० पासून असं मासिक सर्वेक्षण चालतं. तिथेही पहिल्या भेटीत बेरोजगारी नंतरच्या भेटींपेक्षा जास्त नोंदली जाते, हे कित्येक दशकांपासून दिसत आलं आहे.

माझा जीव मात्र दुसऱ्याच ठिकाणी अडकतो. पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी श्रमशक्तीत किती, याचं प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होतं. २०२३-२४ मध्ये ते ४१.७ टक्के झालं. एवढ्या मोठ्या देशात सहा वर्षांत एवढी वाढ! यातला काही भाग खरंच नव्या कामाचा, काही ओढग्रस्तीने करावं लागलेल्या कामाचा, आणि काही कदाचित नीट विचारलं गेल्याचा. कुठला किती, हे त्या एका टक्केवारीतून सुटं होत नाही. ओसरीवर बसून मी विचारायचो, ‘वहिनी काय करतात?’ पुरुष म्हणायचे, ‘काही नाही, घरीच असते.’ तिथे थांबलो असतो तर ९२. पण पुढे विचारलं की म्हशीचं शेण काढणं, धार काढणं, डेअरीला दूध घालणं हे सगळं तिच्याकडेच असायचं. म्हणजे २१. एका प्रश्नाने एक बाई देशाच्या श्रमशक्तीत आली. आपल्या नियमानुसार दूध विकलं नाही, घरातच प्यायलं, तरी जनावरांचं हे काम रोजगारातच धरलं जातं. २०१३ मध्ये ठरलेल्या नव्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत मात्र फक्त घरासाठी केलेलं असं उत्पादन रोजगारात येत नाही. देशादेशांची तुलना करताना हे विसरलं तर पार गल्लत होते.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेच्या सर्वेक्षणात १९९४ पर्यंत पहिलाच प्रश्न समोरच्या व्यक्तीकडे पाहून बदलायचा. बाई दिसली की ‘गेल्या आठवड्यात काम करत होतात, घर सांभाळत होतात, की आणखी काही?’ असं विचारत. तो बदलायला त्यांना कित्येक दशकं लागली.

पुढचा आकडा जाहीर झाला की मी कोणत्या क्रमाने वाचतो ते सांगतो. आधी पद्धत: आठवड्याची की वर्षाची, आणि वयोगट कोणता. मग बेरोजगारीचा दर बाजूला ठेवून शंभरातले किती जण काम करतात हे प्रमाण. मग ते काम कसलं: पगारी, रोजंदारी की घरच्या धंद्यातलं बिनपगारी. स्त्रियांमध्ये स्वयंरोजगाराचा वाटा अलीकडे खूप वाढला आहे, आणि त्यात २१ क्रमांकाच्या बायका मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या हातात पैसा येत नाही, तरी त्या बेरोजगार नाहीत. बेरोजगारीचा दर मी सगळ्यात शेवटी बघतो.

आणि कधी टॅबलेट घेऊन कुणी तुमच्या दारात आलंच, तर एवढं करा. घरातल्या सगळ्यांची उत्तरं एकट्याने देऊ नका. बाई शेतात असेल, गोठ्यात असेल, तर ती येईपर्यंत त्याला बसायला सांगा.