वाचक विचारतात : कोल्हापुरी, पावसाळी जोड आणि सेलमधले बूट

प्रश्न : प्राडा या इटालियन फॅशन ब्रँडच्या चपलांचे फोटो पाहिल्यापासून तसाच साधा, देखणा जोड हवासा वाटतोय. रोज कॉटनच्या कुर्त्याखाली घालायचाय. बजेट दीड हजार. दुकानात नेमकं काय मागू? – एक वाचक, ठाणे

उत्तर : जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाने तो जोड नुसती ‘चामडी सँडल’ म्हणून दाखवला आणि टीका झाल्यावर कोल्हापुरीचं ऋण मान्य केलं. तेव्हा नक्कल शोधू नका, मूळ वस्तूच घ्या. २०१९ मध्ये मिळालेल्या जीआय (भौगोलिक) मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे आठ जिल्हे येतात.

त्या जोडाचं देखणेपण आहे ते साधेपणात. म्हणून सांगताना असं सांगा : गोंडा नको, जरीकाम नको, पॉलिशचा चकाकता थर नको, रंग कातड्याचा मूळ तपकिरी, कान (पट्टा जिथे जोडतात त्या बाजूच्या पाळ्या) लहान, तळ पातळ. नक्षी कमी म्हणजे कारागिराचे कष्ट कमी, असं मात्र समजू नका. साध्या जोडात वाकडी शिवण लपवायला जागाच नसते, त्यामुळे कामाची पारख इथेच होते. असा हातशिलाईचा जोड तुमच्या बजेटमध्ये बसू शकतो. बसत असेल तर आणखी घासाघीस करू नका. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावण्यापासून शिवणीपर्यंत बरेच दिवस जातात.

तळाची कड पाहा. खऱ्या कातड्याचे पदर तंतुमय आणि किंचित असमान दिसतात. फोमचा किंवा रेक्झिनचा तळ एकसारखा गुळगुळीत असतो. शिवण कातडी वादीची हवी, खिळा कुठेच नको. कडेला नखाने दाबल्यावर पदर सुटत असतील तर तो जोड फक्त चिकटवलेला आहे. पट्टा उलटून पाहा, मागे कापडी जाळी दिसली तर ते रेक्झिन. रंगवलेला पट्टा वरून फसवतो, मागून नाही.

माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. कातडं रुंदीत सैलावतं, लांबीत वाढत नाही. म्हणून चपलेचा अंगठा (पायाचा अंगठा अडकवायची कडी) आणि पट्टा सुरुवातीला किंचित घट्ट चालेल, पण टाच बाहेर येता कामा नये. पहिला आठवडा घरात रोज तासभर घाला. अंगठा आणि पट्टा यांना आतून एरंडेलाची चार-पाच थेंबं चोळा. तळाला तेल लावू नका, पाय घसरतो आणि धूळ चिकटते. पायाला चिकटपट्टी लावायची तर फोड येण्याआधी.

प्रश्न : मागच्या पावसात कोल्हापुरी भिजली. उन्हात ठेवली तर कडा वर वळल्या. आता काय करू? आणि पावसाळ्यात ऑफिसला काय घालावं? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : भिजलेलं कातडं फुगतं. उन्हात त्याची वरची बाजू आधी सुकून आकसते, आतली ओलीच राहते, म्हणून कडा वळतात. तळ ओलसर फडक्याने जरा पुसा (भिजवू नका), दोन लाकडी फळ्यांमध्ये चप्पल ठेवून वर तीन-चार किलो वजन ठेवा. दुसऱ्या दिवशी काढून पंख्याखाली सावलीत सुकवा, मग वरच्या पट्ट्यांना तेलाचा अगदी पातळ हात द्या. वादी तुटली असेल तर कारागिराकडेच न्या. गोंदाने चिकटवली की पुन्हा शिवायला अडचण होते.

जून ते सप्टेंबर ती चप्पल कपाटात ठेवा, कागदात किंवा सुती पिशवीत. प्लास्टिकमध्ये बुरशी हमखास येते.

ऑफिससाठी जेली सँडल (पीव्हीसी या मऊ प्लास्टिकची) पाहा. युरोपात ती उन्हाळी फॅशन म्हणून परत आली आहे. कोकणात ती खरी उपयोगाची पावसात. पीव्हीसीला पाण्याचं भय नसतं. मात्र छिद्रांचा, मागे पट्टा असलेला जोड निवडा. बंद पीव्हीसीत घाम साचतो आणि टाच घासते. तळाला खोल खाचा हव्यात, गुळगुळीत तळ ओल्या फरशीवर धोकादायक. रंग काळा किंवा गडद तपकिरी घ्या. पारदर्शक जेलीवर लाल मातीचा डाग लवकर बसतो.

प्रश्न : सेलमध्ये घेतलेले परदेशी ब्रँडचे बूट चार वर्षं डब्यात जपले, पाचेक वेळाच घातले. काढले तर तळाचा भुगा! – एक वाचक, पुणे

उत्तर : तळ पॉलियुरेथेनचा (फोमसारख्या प्लास्टिकचा) असणार. हवेतल्या ओलाव्याने त्याची रासायनिक साखळी तुटत जाते, न घालता ठेवलेले बूटही त्यातून सुटत नाहीत. वरचा भाग शाबूत असेल तर रबराचा नवा तळ शिवून मिळतो, पण आधी जुना भुगा पूर्ण खरवडायला हवा, नाहीतर नवा तळ धरत नाही.

पुढच्या वेळी सेलमध्ये डब्यावरच्या एमआरपी स्टिकरवर निर्मितीचा किंवा आयातीचा महिना-वर्ष वाचा. तीन वर्षं जुना माल असेल तर मोठी सूटही महागात पडू शकते. तळ अंगठ्याने दाबा, वाकवा. चिकट लागला किंवा बारीक भेगा दिसल्या तर ठेवून द्या. घरी आणल्यावर महिन्यातून एकदा तरी घाला.