टॅपेट वाजतोय की दुसरंच काहीतरी?

प्रश्न (सातारा): दादा, नमस्कार. वडिलांनी घेतलेली २००२ ची फोर्ड आयकॉन १.६ रोकॅम पेट्रोल आहे, १ लाख ४० हजार किमी झालीये. सहा महिन्यांपासून इंजिनात वरच्या बाजूला टिकटिक येते. आधी सकाळी स्टार्ट केल्यावर दोन मिनिटं यायची न जायची, आता पुण्याला जाऊन आलो की गरम इंजिनावर सिग्नलला उभं असताना पण वाजते, रेस दिली की कमी होते. एका मिस्त्रीने टॅपेट सेट केले म्हणून पैसे घेतले, दोन दिवसांत परत तेच. दुसरा म्हणतो हेड उतरवायचं, ३० हजार तयार ठेवा. गाडी विकायची नाहीये. काय करू?

उत्तर: सगळ्यात आधी हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवू नका, निदान आत्ता तरी नाही. आणि ज्याने टॅपेट सेट केले म्हणून पैसे घेतले त्याने नेमकं काय फिरवलं हे विचारा, कारण तुमच्या इंजिनात फिरवायला स्क्रूच नाहीये! टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह उघडझाप करणाऱ्या भागांमधली फट, म्हणजे गॅप, सांभाळणारा तुकडा, आणि ह्याचे टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे ऑईलच्या दाबावर चालणारे आहेत. जुन्या मारुती ८०० मध्ये रॉकरला (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीला) स्क्रू आणि नट असतो, फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घालून गॅप लावता येते. हायड्रॉलिकमध्ये एक छोटा सिलिंडर, आत प्लंजर, खाली स्प्रिंग आणि एक बारीक गोळीचा व्हॉल्व्ह, त्यात इंजिनचंच ऑईल प्रेशरने भरतं आणि गॅप आपोआप शून्य राहते. म्हणजे ऑईल नीट पोचलं नाही, ऑईलमध्ये हवा गेली किंवा आत मळी बसून गोळी नीट बसेना झाली की प्लंजर दबतो आणि टिकटिक सुरू. म्हणून हायड्रॉलिक टॅपेट वाजायला लागला की मी आधी ऑईलकडे बघतो, टॅपेटकडे नंतर.

आता आवाज कधी येतो ते बघू, कारण अर्धं निदान तिथेच होतं. रात्रभर उभी गाडी स्टार्ट केल्यावर चार-पाच सेकंद टिकटिक झाली तर काळजी नको, ऑईल खाली उतरलेलं असतं. तेच मिनिटभर चालायला लागलं तर ऑईल फिल्टर बघा, फिल्टरमध्ये ऑईल मागे न जाऊ देणारा रबरी पडदा असतो, हलक्या प्रतीच्या फिल्टरमध्ये तो कडक होतो नाहीतर धड नसतोच. फक्त जास्त रेसला वाजत असेल तर डिपस्टिक बघा, ऑईल खुणेच्या वर भरलं असेल तर क्रँक (पिस्टन फिरवतात तो खालचा दांडा) ते घुसळतो, फेस होतो, आणि फेस दाबला जातो पण ऑईल दाबलं जात नाही. कमी असेल तर पंप हवा ओढतो, परिणाम तोच. तुमचं मात्र गरम झाल्यावर आयडलला वाजतंय आणि रेसला कमी होतंय, हे मला प्रेशर कमी पडल्याचं लक्षण वाटतं. ऑईल पातळ झालंय, ऑईल पंपाच्या जाळीत मळी अडकलीये, पंप झिजलाय, नाहीतर खालची क्रँकची बेअरिंग सैल झालीत. प्रेशरचा लाल दिवा लागत नाही म्हणून सगळं ठीक असं समजू नका, तो दिवा प्रेशर अगदी तळाला गेल्यावरच लागतो. प्रेशर स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावायला सांगा, पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि इंजिन पूर्ण गरम करून वाचा. जुना ढोबळ हिशोब १००० आरपीएमला साधारण १० पीएसआय, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. प्रेशरच कमी असेल तर नवे टॅपेट टाकूनही वाजणारच, ३० हजार गेले असते ना.

पण त्याही आधी, हा टॅपेटचाच आवाज आहे का? हे मी इतक्या कळकळीने विचारतोय कारण माझ्या पहिल्या गाडीचं हेड असंच विनाकारण उतरलं होतं. टिकटिक होती, गॅरेजने टॅपेट म्हटलं, मी पण मान डोलावली, आणि निघालं काय तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट (धूर बाहेर नेणारा पाइप इंजिनाला जोडतो तिथलं पॅकिंग). ते थंड असताना टिकटिकतं, गरम झालं की लोखंड फुगून फट बंद होते आणि आवाज जातो, आणि जोडाजवळ काळी काजळी दिसते. तुमचं आता उलट आहे, गरम झाल्यावर वाजतंय, म्हणून गॅस्केटची शक्यता कमी, तरी एकदा काजळी बघाच. इंजेक्टरही (पेट्रोल फवारणारे) बारीक टिकटिकतात, तो त्यांचा स्वभाव. शिवाय तुमच्या इंजिनाला टाइमिंग चेन (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) आहे, ती सैल झाली तर पुढच्या टोकाला खरखर येते, टिकटिक नाही.

घरी करता येईल असं एक सांगतो. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे ८०० आरपीएमच्या आयडलला एक टॅपेट मिनिटाला ४०० वेळा वाजणार, सेकंदाला साधारण सहा-सात. क्रँकच्या दर फेऱ्याला वाजणारा आवाज सेकंदाला तेराच्या आसपास. कानाला मोजता येत नाही, पण मोबाईलवर रेकॉर्ड करून हळू चालवून ऐका, फरक कळतो. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक व्हॉल्व्ह कव्हरवर आणि मूठ कानाला, पट्ट्याला केस-ओढणी लागणार नाही हे सांभाळून, एकेक सिलिंडरवर फिरवा. शेवटी एकेका इंजेक्टरचा वायरचा सॉकेट काही सेकंदच काढून बघा, आवाज बदलला तर खालचा पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉड संशयात, नाही बदलला तर बहुधा वरचाच.

सगळं टॅपेटकडेच बोट दाखवत असेल आणि प्रेशर बरोबर असेल, तर मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑईल आणि चांगला फिल्टर टाका, १५०० किमीला परत बदला, परत एकदा तसंच. मळी हळूहळू सुटते, बऱ्याचदा आवाज इथेच जातो. डिझेल किंवा रॉकेल टाकून फ्लश करतो म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका, सगळी मळी एकदम सुटून जाळीत अडकली तर बेअरिंग जातील. तरी वाजलंच तर नुसतं व्हॉल्व्ह कव्हर उघडून, त्या व्हॉल्व्हचा कॅम (कॅमशाफ्टचा उंचवटा) उलट्या बाजूला वळवून फिंगर (कॅम आणि व्हॉल्व्हमधली दांडी) दाबून बघायचा. घट्ट लागला तर चांगला, स्पंजासारखा दबला तर तोच दोषी. कॅम आणि फिंगरवरचा रोलर झिजलाय का तेही तेव्हाच बघून घ्या. अशा ओव्हरहेड कॅम इंजिनात टॅपेट बदलायला सहसा हेड उतरवावं लागत नाही, कॅमशाफ्ट काढून चालतं, टाइमिंग मात्र लॉक करून, म्हणजे क्रँक-कॅमचा मेळ हलू न देता. जुने परत टाकायचे असतील तर जागेवरचे जागेवरच गेले पाहिजेत. पार्टसाठी पुण्यात नाना पेठेत चौकशी करा.

प्रश्न (नाशिक): माझी मारुती ८०० सीएनजीवर आहे. टॅपेट अजिबात वाजत नाहीत, पण सकाळी गरम होईपर्यंत मिसिंग करते. टॅपेटचा संबंध असेल का?

उत्तर: असू शकतो, आणि मला वाजणाऱ्यापेक्षा तुमच्या न वाजणाऱ्या टॅपेटची जास्त काळजी वाटते. गॅसवर व्हॉल्व्ह सीट (मिटल्यावर व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) लवकर झिजून आत बसते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप कमी होत जाते. आवाज बंद होतो, पण व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, उष्णता सीटमध्ये जात नाही आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. थंड इंजिनावर सहाही व्हॉल्व्हची गॅप फिलर गेजने मोजून घ्या आणि तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) काढा. कॉम्प्रेशन सारखं निघालं तर गॅप मॅन्युअलप्रमाणे लावून प्लग बदला, एखादं कमी निघालं तर आधी त्याची गॅप लावा, तरी कमीच राहिलं तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल टाकून परत मोजा. तरी वाढलं नाही तर बहुधा व्हॉल्व्ह गळतोय असं धरा, आणि तुमच्या बाबतीत मात्र हेड उतरवावंच लागेल.