क्वाड ही लष्करी युती आहे का?

नाही. नाटोच्या पाचव्या कलमासारखं 'एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला' असं बंधन भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलियाच्या या गटात नाही. मुळात करारच नाही, स्वतःचं सचिवालयही नाही. म्हणूनच २००७ मध्ये सुरू झालेला गट ऑस्ट्रेलियाने अंग काढून घेताच थंडावला आणि थेट २०१७ मध्ये पुन्हा उभा राहिला.

गोंधळ होतो तो मलबार या नौदल सरावामुळे. २०२० पासून त्यात हेच चार देश असतात, पण तो क्वाडचा उपक्रम नाही; १९९२ मध्ये भारत-अमेरिका सराव म्हणून सुरू झालेला आहे. क्वाडचं खरं उपयोगी काम माझ्या मते २०२२ चा सागरी टेहळणी उपक्रम: स्वतःची ओळख प्रसारित करणारी यंत्रणा बंद करून फिरणारी जहाजं, त्यांचे रेडिओ-संकेत उपग्रहांनी टिपून हेरायची आणि माहिती छोट्या किनारी देशांना द्यायची.