आधी लिहून घे

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गणेशोत्सवात तू गायलेला भूप राग कोणीतरी परस्पर ध्वनिमुद्रित केला, तो टेलिग्रामवर फिरतो आहे, आणि तो ऐकून एक कंपनी तुझ्याकडे करारपत्र घेऊन आली आहे. तुझ्या पत्रात फाइल पळवणाऱ्यांवर पानेच्या पाने राग आहे. करारपत्राबद्दल मात्र ‘नेहमीचाच नमुना आहे’ एवढेच वाक्य आहे. मला काळजी त्या वाक्याची वाटते.

ग्वाल्हेर घराण्याच्या गायकाने नकलेचा फार विटाळ मानू नये. आपल्या घराण्याचे जुने उस्ताद हद्दू-हस्सू खाँ यांनी दुसरे नामांकित गायक बडे मुहम्मद खाँ यांच्या ताना पडद्याआडून ऐकून उचलल्या, ही कथा आपण कौतुकानेच सांगतो. मात्र ती सांगताना बडे मुहम्मद खाँ यांचे नाव कोणी गाळत नाही. पुढे बाजारात कोऱ्या कॅसेट भरून मिळू लागल्या. १९९९ मध्ये इंटरनेटवर गाण्यांच्या फायली फुकट वाटून घेण्याची सोय करणारे नॅपस्टर आले आणि २००१ मध्ये न्यायालयाच्या आदेशामुळे बंद पडले, तरी फायलींची देवाणघेवाण काही थांबली नाही. त्यात कॅसेटची आणि सीडीची दुकाने गेली, हे खरेच. आता पैसा स्ट्रीमिंगमधून येतो आणि कागदावर ज्याचा हक्क, त्याच्याकडे जातो. म्हणून लिहून घे.

माझ्या तरुणपणी एका कंपनीने ठोक रक्कम देऊन माझी कॅसेट काढली. तीच पुढे सीडीवर आली, मग इंटरनेटवर; तबल्याच्या साथीदाराचे नाव वाटेत गळाले आणि मला दमडी मिळाली नाही. उलट ज्यांनी तिच्या प्रती काढून फुकट वाटल्या, त्यांच्यामुळे मला इंदूर-उज्जैनची आमंत्रणे आली. तेव्हापासून लेखी ठरल्याशिवाय मी मायक्रोफोनसमोर बसलेलो नाही. लोकांनी किरकिऱ्या म्हटले, आयोजकांनी बोलावणे सोडले, ध्वनिमुद्रणे थोडीच झाली. होऊ देत. जी झाली, त्यांचा हिशेब मी आजही मागू शकतो, आणि या हट्टाबद्दल मला कोणाची क्षमा मागायची नाही.

बंदिश पारंपरिक असली तरी तुझ्या सादरीकरणावर तुझा हक्क आहे आणि तो ५० वर्षे टिकतो. प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरतात. २०१२ च्या दुरुस्तीमुळे, जे माध्यम करार करताना अस्तित्वातच नव्हते, त्याचे हक्कही स्पष्ट उल्लेखाशिवाय जात नाहीत. म्हणूनच तू पाठवलेल्या मसुद्याच्या तिसऱ्या कलमात ‘कायमस्वरूपी’, ‘जगभर’ आणि ‘भविष्यातील सर्व माध्यमांत’ हे शब्द इतक्या बारीक टाइपात आहेत. तुला ते दिसलेच नाहीत का?

फिरणाऱ्या फाइलबद्दलची तक्रारसुद्धा लेखीच करावी लागते. तिच्यावरून फाइल २१ दिवस रोखली जाते. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाहीस, तर ती पुन्हा खुली होऊ शकते. तेवढ्यासाठी वकिलाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा, ज्याने ती चढवली त्याला तुझे आणि साथीदारांचे नाव घालायला सांग.

कंपनीचा माणूस ‘आपल्यातलाच’ आहे म्हणतेस. मग त्याला लिहून द्यायला अडचण नसावी. गुरुवारपर्यंत सही करू नकोस. मसुदा घेऊन घरी ये आणि तबलजीलाही बरोबर आण, कारण त्याच्या वाट्याविषयी त्यात एक अक्षरही नाही.