समुद्रात पडलेल्या सामानावरून शास्त्रज्ञांना प्रवाह कसे कळतात?

आपल्या सोलापूरपासून समुद्र लांब, पण सिद्धेश्वर तलावात निर्माल्य वाऱ्याने एकाच कोपऱ्यात जमा होतं ना, तसंच काहीसं समजा, फक्त समुद्रात वाऱ्याच्या जोडीला मोठे प्रवाह पण असतात.

खरी गंमत म्हणजे वस्तू कुठे आणि कधी पडली हे माहीत असायला पाहिजे, नाहीतर किनाऱ्यावरचा कचरा म्हणजे नुसता कचराच. जानेवारी १९९२ मध्ये पॅसिफिकमध्ये एका जहाजावरून कंटेनर पडला, त्यात जवळपास २८,८०० प्लास्टिकची खेळणी, बदकं, बेडूक, कासवं वगैरे, आणि त्याच नोव्हेंबरात ती अलास्काच्या किनाऱ्याला लागायला लागली. कर्टिस एबसमायर आणि जेम्स इनग्राहम या समुद्रशास्त्रज्ञांनी लोकांकडून कुठे काय सापडलं ते गोळा केलं आणि कॉम्प्युटर मॉडेलशी ताडून बघितलं. मुद्दाम बाटल्या सोडल्या तर त्यातल्या मोजक्याच परत सापडतात, इथे तर फुकटात हजारो वस्तू एकदम समुद्रात सोडल्या गेल्या!

पण वस्तू पाण्यावर किती वर तरंगते त्यावर वारा तिला किती ढकलणार हे ठरतं. २०१४ ला बेपत्ता झालेल्या मलेशियाच्या एमएच३७० विमानाचा तुकडा २०१५ ला हिंदी महासागरातल्या रीयूनियन बेटावर सापडला, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या लोकांनी नंतर तसाच खरा तुकडा समुद्रात सोडून तो कसा वाहतो ते तपासलं.

आता शास्त्रज्ञ सॅटेलाइटवरून जागा कळणारे बोये (तरंगती यंत्रं) सोडतात, त्यांना खाली १५ मीटरवर कापडी नळकांडं लटकवलेलं असतं, म्हणजे वाऱ्यापेक्षा प्रवाहच त्यांना जास्त ओढतो.