काडेपेटीतली दोन बोटं

प्रश्न : काका, माझे यजमान मर्चंट नेव्हीत आहेत. गेल्या वर्षी त्यांची बोट सायप्रसला लिमासोल बंदरात लागली होती, तिथून त्यांनी ग्रीकांची प्रेमदेवता अफ्रोदिती हिची ऑलिव्हच्या लाकडाची मूर्ती आणली. दीड फूट उंच आहे. सामानात उजव्या हाताची दोन बोटं तुटली. ती मी काडेपेटीत जपून ठेवलीत. आता पोटापासून गुडघ्यापर्यंत चीर गेलीय आणि या पावसाळ्यात केसांच्या वळणांत पांढरी बुरशी धरलीय. यजमान म्हणतात, चीर भरून पॉलिश मारून घे. दीर म्हणतात, मशीनवर काढलेली आहे, एवढा जीव कशाला टाकतेस. सासूबाईंचं म्हणणं, गौरी बसतात त्या हॉलमध्ये ही उघडी बाई नको. काय करू?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, चीर भरू नका. आधी हे लिहितो, कारण तुमच्या पत्राचा सूर बघता सुताराला फोन गेलाही असेल.

मूर्ती आडवी करून बुडाशी बघा. वर्तुळांचा मध्य, म्हणजे लाकडाचा गाभा, तिथे दिसला तर चीर का गेली ते कळेल. लाकूड वाळताना वर्तुळांच्या दिशेने जास्त आखडतं, गाभ्याकडून सालीकडे कमी. अख्खा गाभा पोटात असलेला ठोकळा कुठेतरी उलणारच. त्यात ऑलिव्ह जड आणि पिळवटलेल्या रेषांचं, वाळायला फार वेळ घेणारं. तुमच्या घरी एसी असेल तर तो कोरडं करतो, पावसाळा फुगवतो, आणि बिचारी वर्षभर श्वास घेत बसते. तिच्या बेंबीजवळ आज पेन्सिलीने बारीक खूण करा, चिरेत कागद सरकवून बघा. जानेवारीत पुन्हा बघा. आज एक कागद जात असेल तर तेव्हा दोन-तीन जातील.

माझी स्वतःची चूक सांगतो. खेतवाडीतल्या आमच्या दुकानात एका गिऱ्हाईकाची सागवानी मूर्ती आली होती. फेब्रुवारीत मी भुसा आणि फेव्हिकॉल कालवून तिची चीर ठासून भरली, पॉलिश पेपर मारला, दिसेनाशी केली. वडिलांनी बघितलं आणि काही बोलले नाहीत. जुलैत लाकूड फुगलं, मिटायला जागा उरली नव्हती, आणि भरलेल्या चिरेच्या शेजारी नवी चीर पडली. पैसे परत दिले. अगदीच डोळ्यांत खुपत असेल तर मधमाशीच्या मेणात थोडा रंग मिसळून बोटाने दाबा. मेण दबतं, लाकडाशी भांडत नाही.

दिरांसाठी : टॉर्च आडवा धरून वस्त्राच्या चुण्यांच्या आत बघा. सारख्या अंतरावर बारीक समांतर रेघा असतील तर मशीन. पटाशीचे लहानमोठे, कुठे घसरलेले घाव दिसले तर माणूस. काही कारखाने मशीनवर काढून वरून हाताने साफ करतात, तेव्हा फक्त चेहरा बघून निकाल देऊ नका.

बुरशी ओल्या फडक्याने पुसायची नाही. गॅलरीत न्या, नाकाला रुमाल बांधा, कोरड्या मऊ ब्रशने झाडा. उन्हात ठेवायचं तर मुळीच नाही, दुसरी चीर लगेच मिळेल. मूर्ती बाहेरच्या भिंतीला टेकवलेली असेल तर आतल्या भिंतीकडे हलवा. पॉलिशचा विचार दिवाळीनंतर.

सासूबाईंचा प्रश्न फार जुना आहे. रोमन लेखक प्लिनी सांगतो, प्राक्सितेलीस या शिल्पकाराने या देवीच्या दोन संगमरवरी मूर्ती विकायला काढल्या, एक वस्त्र नेसलेली, एक उघडी. कोस बेटावरच्यांनी मर्यादा म्हणून नेसलेली घेतली. उरलेली क्नीदोस या ग्रीक शहराच्या लोकांनी नेली, आणि ती बघायला लोक समुद्र ओलांडून येऊ लागले. पुढे एका राजाने शहराचं सगळं कर्ज फेडतो, मूर्ती द्या म्हटलं, तरी दिली नाही. म्हणजे कोसवाले सासूबाईंच्या बाजूचे, मी क्नीदोसच्या. पण घर त्यांचंही आहे. गौरींचे दिवस तिला सुती साडीत गुंडाळून बेडरूममध्ये ठेवा. (प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो.) आणि सांगा त्यांना, ही समुद्राच्या फेसातून वर आली असं ग्रीक म्हणतात. लक्ष्मीही समुद्रातूनच आली ना. सायप्रसच्या पाफोसजवळ तो किनाराही दाखवतात.

आता बोटं. पौसानियस नावाचा प्रवासी दुसऱ्या शतकात ग्रीस फिरला. देलोस बेटावर त्याने अफ्रोदितीची एक छोटी लाकडी मूर्ती नोंदवली आहे : पायांऐवजी चौकोनी बैठक, आणि काळाने झिजलेला उजवा हात. तुमच्या मूर्तीचाही उजवाच! बोटं हरवली असती तर मी म्हटलं असतं, तशीच राहू द्या, नवी कोरून बसवू नका. पण ती काडेपेटीत आहेत, तर चिकटवू. सुपरग्लू नको, तो आजूबाजूला पांढरट डाग सोडतो आणि एकदा वाकडं बसलं की बसलं. सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचा सुतारांचा जुना गोंद घ्या, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून पातळ करा, काडीने लावा. चुकलं तर कोमट पाण्याने सुटतो. दाबायला सायकलच्या जुन्या ट्यूबची बारीक पट्टी गुंडाळा. चोवीस तास हात लावायचा नाही. यजमान घरी असतील तर त्यांनाही बजावून ठेवा.