शाखा कोणतीही, पण गणित सुटत नाही

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात दहावीला आहे. मला खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, जायचे आहे. गावात फक्त कला शाखा आहे. विज्ञानासाठी रोज एसटीने तालुक्याला जावे लागेल. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले म्हणतात की, एनडीएला कोणतीही शाखा चालते, तू धावण्याचा सराव कर. बाबांनाही ते पटले आहे. मी काय करावे?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : त्या मुलांचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि फसगत होते ती अशा अर्ध्या माहितीनेच. भूदलासाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते. नौदल व हवाई दलासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. परंतु शाखा कोणतीही असली तरी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या लेखी परीक्षेत गणिताची ३०० गुणांची प्रश्नपत्रिका सर्वांनाच सोडवावी लागते, आणि तिच्यात त्रिकोणमिती, निश्चयक, विकलन-संकलन असे अकरावी-बारावीचेच गणित असते. ते वर्गात न शिकता घरी एकटीने शिकणे फार कठीण आहे. म्हणून तू गणितासह विज्ञान शाखाच घ्यावीस, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो, हे बाबांना अवश्य सांग.

दुसरी प्रश्नपत्रिका ६०० गुणांची असून त्यांपैकी २०० गुण इंग्रजीचे आहेत. बाकीचे प्रश्न इंग्रजी व हिंदीत छापलेले असतात, मराठीत नव्हे. यासाठी आजपासून एक सवय लावून घे : वहीत ‘निश्चयक’ लिहिलेस की शेजारी ‘डिटर्मिनंट’ लिही, ‘वेग’ लिहिलास की ‘व्हेलॉसिटी’ लिही. उत्तर चुकल्यास त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण वजा होतात, त्यामुळे अंदाजाने खुणा करण्याची सवय लागू देऊ नकोस.

धावणे सोडू नकोस, पण पोलीस भरतीप्रमाणे येथे धावण्याला गुण नाहीत. लेखी परीक्षेनंतर सेवा निवड मंडळाची ९०० गुणांची मुलाखत असते आणि ती पाच दिवस चालते. तिथे एका चाचणीत एकामागून एक ६० शब्द दाखवतात व प्रत्येक शब्दावर मनात येईल ते १५ सेकंदांत लिहायचे असते. दुसऱ्या चाचणीत फळ्या, दोर आणि एक ओझे देऊन गटाने अडथळे पार करायला सांगतात. पावसाळ्यात काळ्या मातीत रुतलेली बैलगाडी चार माणसांनी मिळून बाहेर काढताना तू पाहिली असशील. कोण ओरडतो आणि कोण चाकाखाली दगड लावतो, हा फरक तिथे पारखला जातो. त्यामुळे शेतातल्या कामाला कमी लेखू नकोस. कमी पडते ते बोलणे. रोज वर्तमानपत्रातील एक बातमी वाचून ती मैत्रिणीला इंग्रजीत पाच मिनिटे सांग, चुका झाल्या तरी सांग.

परीक्षा वर्षातून दोनदा होते, नागपूरला केंद्र आहे आणि मुलींना शुल्क नाही. वयोमर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे असल्याने बारावीत असतानाच पहिला प्रयत्न करता येईल. प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. तिच्यात १७ जणी होत्या.

आणखी एक मार्ग आहे. अकरावी-बारावीसोबत हीच तयारी करून घेणारी, मुलींसाठीची राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था नाशिकला आहे. तिच्या प्रवेशपरीक्षेची जाहिरात दहावीचे वर्ष चालू असतानाच येते, तेव्हा शाळेतील गणिताच्या शिक्षकांना आजच सांगून ठेव.